गिलाव्याचा इतिहास: वसईचा चुना ते भाईंदरचे सिमेंट

#धागा

१/ मे महिना उजाडला की मीरा-भाईंदरच्या गल्ल्यांतून बांबूच्या परांच्या उभ्या राहतात. सोसायटीच्या फलकावर 'बाहेरील रंगकाम' अशी नोटीस लागते आणि सभेत वाद रंगतो तो पिस्ता रंग घ्यावा की बदामी, यावर. रंगाखालच्या थराबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आजचा धागा त्या थराविषयी, म्हणजे गिलाव्याविषयी आहे. किल्ल्यांवर भटकताना आपण तट, बुरूज, तोफा पाहतो. गिलावा मात्र उडून गेलेला असतो, म्हणून तो कधी होता हेही विसरतो.

२/ प्रथम या जागेविषयी. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनपलीकडे अरबी समुद्र आणि मधल्या सखल पट्ट्यात मिठागरे. वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नैर्ऋत्येचा वारा तो पाऊस आडवा करून भिंतींवर आपटतो. म्हणूनच कोणत्याही जुन्या इमारतीभोवती एक फेरी मारली, तर पश्चिम आणि दक्षिण बाजूंचे पोपडे आधी सुटलेले दिसतात. उरलेले आठ महिने हवेत खारटपणा असतोच. भिंतीची परीक्षा घ्यायला याहून कठोर जागा शोधायची झाली, तर कोकणातच दुसरीकडे शोधावी लागेल.

३/ या परीक्षेला बसलेल्या जुन्या भिंती आपल्या शेजारीच आहेत. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि पुढच्या काही दशकांत खाडीच्या दोन्ही काठांवर किल्ले, चर्च, मठ उभे राहिले. घोडबंदरचा किल्ला त्याच साखळीतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली. वसईच्या किल्ल्यातील चर्चची छपरे केव्हाच गेली, पण भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्यावर जागोजाग चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटून आहेत.

४/ हा चुना कसा तयार होत असे? चुनखडी किंवा, किनाऱ्यावर, कालवांची आणि शिंपल्यांची टरफले भट्टीत भाजायची. सुमारे ९०० अंश तापमानाला त्यातील कर्बवायू निघून जातो आणि उरते ती चुनकळी. तिच्यावर पाणी टाकले की ती उकळ्या फोडत, वाफा टाकत फुटते. याला चुना विरवणे म्हणतात. विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा, मग वाळू किंवा विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे दगडी गोल चर आणि त्यात बैलांनी फिरवायचे दगडी चाक. वासोट्यासारख्या किल्ल्यावर गेलेल्यांनी असे चाक पाहिले असेल. बरेच जण त्याला तेलाचा घाणा समजतात. मुंबईतल्या चुनाभट्टीचे नावही याच धंद्याची खूण.

५/ यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ घालत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यावरून 'पूर्वजांचे गुप्त विज्ञान' अशा चित्रफितीही फिरतात. गुपित त्यात काही नव्हते. गुळातल्या साखरेने चुना घट्ट व्हायला वेळ लागतो आणि कमी पाण्यातही तो लवचीक राहतो, हे आजचा रसायनतज्ज्ञही सांगेल. मळलेल्या मालाला चिकटपणा हवा, तो लगेच सुकू नये आणि तडकू नये, एवढाच गवंड्याचा हेतू. हाताशी जे होते, ते त्याने वापरले. याच धर्तीचे एक उदाहरण वेरूळचे: तेथील लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचे संशोधन २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते आढळले नाहीत. तिथे किडींनी अधिक नुकसान केले, असे त्या संशोधकांचे म्हणणे. गूळ असो वा भांग, गवंड्याच्या दृष्टीने दोन्ही स्थानिक माल.

६/ चुना घट्ट होतो तो पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. हवेतला कर्बवायू पुन्हा शोषून तो परत चुनखडी होतो. भट्टीत जे गमावले, ते भिंतीवर सावकाश परत मिळवतो. ही क्रिया महिनोन्‌महिने चालते. तिचे दोन परिणाम ध्यानात ठेवावेत, पुढे लागतील. पहिला: चुन्याचा गिलावा सच्छिद्र राहतो. पावसात ओल आत शिरते, पण ऊन पडले की तीच ओल पृष्ठभागावरून उडून जाते. दुसरा: बारीक भेग पडली, तर विरघळलेला थोडा चुना तिथे येऊन पुन्हा घट्ट होतो आणि भेग काही अंशी आपोआप बुजते.

७/ तरीही हा गिलावा अमर नव्हता. त्याला दरवर्षी माणूस लागे. दिवाळीआधी घराला सफेदी द्यायची रीत आपण सणाच्या खात्यात टाकतो. प्रत्यक्षात पावसाने झिजलेला चुना पाऊस सरताच भरून काढण्याचा तो वार्षिक नियम होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (अठराव्या शतकाचे दुसरे दशक) दुर्गांच्या प्रकरणात तटांवर वाढणारी झाडेझुडपे काढून टाकण्याची ताकीद आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथात झुडपांना जागा का? तटाच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप दहा वर्षांत जे करते, ते शत्रूच्या तोफेला दहा दिवसांत जमत नाही, हे त्या पिढीला ठाऊक होते. आज सातव्या मजल्यावरच्या सांडपाण्याच्या नळामागे पिंपळ डोलताना दिसतो आणि त्यामुळे सभा बोलावली जात नाही.

८/ गिलाव्याचे दुसरेही एक काम असे: सोंग. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा घ्या. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर, दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ तो बांधला गेला. संगमरवर तिथे खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे. मधला मोठा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर घोटून घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा आहे. लांबून सगळा मकबरा संगमरवरी वाटावा, ही योजना. त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवण्यात मला कधी अर्थ वाटला नाही. तो गिलावा करणाऱ्या कारागिरांचे कसब ताजच्या दगडी जडावाइतकेच अवघड आहे, आणि झिजत जाणारे असल्यामुळे अधिक काळजी मागणारे.

९/ गिलावा काढून टाकला तर काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा गोव्यात आहे. जुन्या गोव्याचे बॉम जेझूस बॅसिलिका, पायाभरणी १५९४, अभिषेक १६०५. त्याच्या दर्शनी भागातला काळा दगड आपल्या वसईकडून समुद्रमार्गे गेलेला. उरलेल्या भिंती जांभ्याच्या. जांभा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून त्यावर मूळचा चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार द कास्त्रो यांच्या पुढाकाराने तो उतरवला गेला. उघड्या दगडामुळे वास्तू अधिक प्राचीन, अधिक भारदस्त दिसेल, हा विचार. तेव्हापासून जांभा प्रत्येक पावसाळ्यात उघड्यावर भिजतो आणि कणाकणाने झिजतो.

१०/ आता पेच पाहा. सत्तर वर्षांत तो तांबडा, उघडा जांभाच बॅसिलिकाची ओळख झाला. १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्च जागतिक वारशाच्या यादीत आली तीही याच रूपात. २०२० मध्ये बॅसिलिकाच्या धर्मगुरूंनी भिंतींना पुन्हा गिलावा करावा, अशी जाहीर मागणी केली, तेव्हा अनेकांना तीच वारशाची मोडतोड वाटली. 'मूळ रूप' म्हणजे कोणते? साडेतीनशे वर्षे असलेले पांढरे, की आपल्या आजोबांपासून पाहिलेले तांबडे? माझे मत सांगतो: दगड टिकला तर ओळखीवर वाद घालता येईल, म्हणून गिलावा करावा. पण हे मत सर्वमान्य नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने विरुद्ध बाजूही गंभीरपणे वाचावी.

११/ आता सिमेंट. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये 'पोर्टलँड सिमेंट'चे एकस्व घेतले. पोर्टलँडच्या दगडासारखे दिसते म्हणून ते नाव. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली, तेव्हाचे मुख्यालय मुंबई. सिमेंटचे आकर्षण उघड होते: चुना महिने घेतो, सिमेंट काही तासांत घट्ट होते. भट्टी नको, मुरवण नको, घाणी नको, बैल नको. गवंड्याच्या एका पिढीत घाणीचे ज्ञान संपले. शब्दही गेले. संधला, नेरू, चुनेगच्ची हे शब्द आज किती जणांना कळतील?

१२/ स्वातंत्र्यानंतर सिमेंट बराच काळ सरकारी नियंत्रणाखाली होते. परवाना, कोटा, काळा बाजार. हा माल किती राजकीय होता ते महाराष्ट्राने पाहिले आहे: सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात न्यासासाठी देणग्या घेतल्याच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर, जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. १९८९ मध्ये ते पूर्णपणे गेले.

१३/ याच वर्षांत आपले शहर घडले, हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख. २००१ मध्ये ५,२०,३८८. २०११ मध्ये ८,०९,३७८. मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या गाड्यांनी इथे आली. मिठागरे आणि भातशेतीच्या कडेला चार मजली, विनालिफ्टच्या इमारती भराभर उठल्या. मागणी प्रचंड, सिमेंट नुकतेच मोकळे झालेले, देखरेख तोकडी. खाडीची रेती नीट न धुता वापरली, तर गिलाव्यात पहिल्याच दिवशी मीठ जाते. गिलाव्याला किमान आठवडाभर पाणी मारावे लागते. जिथे पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण, तिथे भिंतीला पाणी कोण मारणार? या घाईचे हिशेब आज, पस्तीस-चाळीस वर्षांनी, भिंतींवर उमटत आहेत.

१४/ इथे सहाव्या भागातला कर्बवायू परत येतो, आणि मला या विषयाची खरी गोडी लागली ती इथेच. चुन्याला घट्ट करणारी जी क्रिया, तीच काँक्रीटच्या आतल्या लोखंडाचा काळ ठरते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्या वातावरणात सळई गंजत नाही. हवेतला कर्बवायू हळूहळू आत झिरपतो, अल्कधर्म कमी करतो आणि सळईचे कवच जाते. खाऱ्या हवेतील क्लोराइड हेच काम अधिक वेगाने करते. गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा व्यापते, फुगते, काँक्रीट फोडते. बाल्कनीच्या खालून पडणारा तुकडा असा पडतो. वसईच्या भिंतीत लोखंड नव्हते. जो वायू तिला घट्ट करत होता, तोच आपल्या स्तंभांना आतून पोखरतो.

१५/ म्हणून 'वसईची भिंत चारशे वर्षे टिकली, आमची चाळीसही नाही' हे वाक्य मी जपून वापरतो. वसईची भिंत हातभर नव्हे, कित्येक हात जाड. आपली बाहेरची भिंत सहा किंवा नऊ इंची. शिवाय टिकलेल्याच वास्तू आपण पाहतो. त्याच काळात जी घरे कोसळली, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. तुलना करायचीच तर देखभालीची करावी. चुन्याच्या घराला दरवर्षी हात लागे. सिमेंटच्या घराला 'आता काही करावे लागत नाही' या समजुतीवर पंधरा-पंधरा वर्षे सोडून दिले गेले.

१६/ आणि मग आला कृत्रिम थर. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात, जर्मनीत फोमच्या पत्र्यावर जाळी आणि त्यावर ॲक्रिलिकचा पातळ गिलावा अशी पद्धत निघाली. १९६९ मध्ये ती अमेरिकेत गेली. घर उबदार, रूप चुन्याच्या जुन्या गिलाव्याचे, खर्च कमी. १९९० च्या दशकाच्या मध्यात नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन या किनाऱ्यालगतच्या शहरात अशा घरांच्या भिंती उघडल्या, तेव्हा आतले लाकूड कुजलेले निघाले. थर स्वतः जलरोधक होता. पाणी शिरले ते खिडक्यांच्या आणि छपराच्या सांध्यांतून, आणि शिरल्यावर त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. त्यानंतर तेथील नियमांत थरामागे पाणी निथळण्याची सोय सक्तीची झाली.

१७/ आपल्याकडे फोमची ती पद्धत क्वचितच दिसते. पण टेक्स्चर, जलरोधक इलॅस्टिक लेप, ॲक्रिलिक रंगांचे थरावर थर हे तिचेच चुलतभाऊ. गच्ची गळते, नळ पाझरतो, सज्जावर पाणी साचते. भिंत आतून ओली राहते आणि बाहेरून तिच्यावर रबरासारखे आवरण चढते. ओल बाहेर पडू पाहते, रंग फुगतो, लोणा धरतो, पोपडे सुटतात. सदस्य म्हणतात, रंग निकृष्ट होता. पुढच्या वेळी अधिक जाड लेप लावला जातो. आपल्याकडे लाकूड नाही, म्हणून कुजत काही नाही. गंजते. ऐतिहासिक वास्तूंवर सिमेंटचा गिलावा मारल्यावरही हेच होते: सिमेंट घट्ट, आतला चुना मऊ, अडकलेली ओल शेवटी मूळ दगडच खाते. म्हणून जतनाच्या कामात सिमेंट टाळून चुना वापरण्याचा आग्रह असतो. घोडबंदर हे राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे गेलात तर नवा आणि जुना चुना शेजारी शेजारी ठेवून पाहा. रंगात फरक दिसेल, पोतही वेगळा वाटेल.

१८/ 'मग आमच्या इमारतीचे काय?' हा प्रश्न येणारच, म्हणून थोडे व्यवहाराचे. मी अभियंता नाही. परंतु जुन्या दुरुस्त्यांचा क्रम पाहता काही गोष्टी उघड आहेत. पाणी कुठून येते ते आधी शोधायचे आणि थांबवायचे: गच्चीचा उतार, फुटके नळ, खिडकीखालच्या सांध्यांतल्या भेगा. लाकडी हातोडीने ठोकत गेले की सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. तो काढून टाकायचा, त्यावर रंग फासायचा नाही. सळई उघडी पडली असेल तर गंज घासून, लेप देऊन, मग काँक्रीट भरायचे. पिंपळ मुळासकट काढायचा, वरवर छाटायचा नाही. भिंत सुकू द्यायची आणि शेवटचा लेप वाफ बाहेर सोडणारा निवडायचा. भारतीय मानक १६६१ हे गिलाव्याचे मानक सिमेंट-चुना मिश्र गिलाव्यालाही जागा देते. आपल्या गवंड्यांनी तो जवळपास सोडून दिला आहे, हे दुर्दैव.

१९/ आणि वेळ. मे महिन्यातली घाई मला कधी समजली नाही. पावसाच्या तोंडावर लावलेला थर सुकायच्या आत भिजतो. दिवाळीची सफेदी ज्या ऋतूत येई, तो ऋतू बघा: पाऊस संपलेला, दोष ताजे दिसत असलेले, कोरडे महिने पुढे. गळती ऑक्टोबरात टिपून ठेवावी, भिंत सुकू द्यावी, डिसेंबर ते मार्चमध्ये काम उरकावे.

२०/ कायद्याचेही पाहून ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे झालेल्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेणे मालकांवर बंधनकारक आहे. आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी परीक्षण सांगितले आहे. १९८५ ते १९९५ मधील मीरा-भाईंदरची जवळपास सारी बांधकामे आता या कक्षेत आली. परीक्षणाचा अहवाल म्हणजे इमारत पाडण्याची नोटीस, अशी भीती घरोघर आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पुनर्विकासाच्या वाटाघाटीत असे अहवाल हत्यारासारखे फिरतात. पण अहवाल नसला की सज्जाखालून ये-जा करणाऱ्या शाळकरी मुलांच्या डोक्यावर काय लटकते आहे, हे कोणालाच कळत नाही. मिळालेला प्रत्येक अहवाल जपून ठेवा. पन्नास वर्षांनी या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याला तो दप्तरासारखा उपयोगी पडेल.

२१/ एक विनंती. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या गावांत चुन्याच्या गिलाव्याची जुनी घरे थोडी उरली आहेत. आपल्या किंवा ओळखीच्या घरात असा गिलावा असेल, तर भिंतीचे जवळून छायाचित्र आणि घरातल्या ज्येष्ठांना आठवत असलेले मिश्रण (काय, किती, किती दिवस मुरवले) खाली प्रतिसादात लिहा. कोणा आजोबांनी घाणीवर बैल हाकलेला असेल, तर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुढचा धागा भाईंदरच्या मिठागरांवर.